डाग आणि रंग : गोरेपणाच्या मलमाचा इतिहास

चेहऱ्यावरचे काळे डाग घालवण्यासाठी कोणते मलम निवडावे, हा प्रश्न वैचारिक नियतकालिकाच्या पानावर येण्याच्या योग्यतेचा नाही, असे काही वाचकांना वाटण्याचा संभव आहे. जमीन, शिक्षण, नोकरी, अत्याचार हे आपले प्रश्न. मलम-पावडर हा खाऊन-पिऊन सुखी असलेल्यांचा विषय, अशी आपल्या चळवळीतही एक समजूत आहे. मी तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात इतिहास शिकवते. माझ्या वर्गात बसणारी मुले-मुली ऊसतोड कामगारांची, वीटभट्टीवर राबणाऱ्यांची, सफाई कामगारांची आहेत. शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा येतात, मेसचे बिल थकते. पण वसतिगृहाच्या खिडकीत पुस्तकांच्या शेजारी गोरेपणाच्या मलमाची ट्यूब असते, आणि ट्यूब परवडली नाही तर तिची छोटी पुडी असते. मुलांच्या खोल्याही याला अपवाद नाहीत. जी वस्तू पोटाला चिमटा घेऊन विकत घेतली जाते तिचा इतिहास आपणच तपासला पाहिजे. दुसरे कोणी तो आपल्या बाजूने तपासणार नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. डाग ही एक गोष्ट आहे आणि रंग ही दुसरी. डाग हा त्वचेचा विकार असतो किंवा तिला झालेल्या इजेची खूण असते. त्यावर उपाय शोधणे योग्यच आहे. रंग हा विकार नाही. परंतु गेल्या शंभर वर्षांत बाजाराने या दोन्ही गोष्टी एकाच ट्यूबमध्ये भरल्या आणि डागाच्या औषधाच्या नावाखाली रंगाची लाज विकली. हे कसे घडले आणि त्याची किंमत कोणाच्या शरीराने चुकवली, हे या लेखात पाहावयाचे आहे.

आधी शरीरशास्त्राची थोडी उजळणी करू. आपल्या त्वचेत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी असतात. गोऱ्या आणि काळ्या माणसाच्या त्वचेत या पेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो त्या पेशी किती रंगद्रव्य तयार करतात आणि ते कोणत्या आकाराच्या कणांत भरून आजूबाजूच्या पेशींना पोहोचवतात यात. हे रंगद्रव्य सूर्याच्या अतिनील किरणांपासून पेशींचे रक्षण करते. म्हणून काळ्या-सावळ्या लोकांत त्वचेचा कर्करोग गोऱ्यांच्या मानाने पुष्कळच कमी आढळतो. निसर्गाने उन्हात राबणाऱ्याला दिलेले हे छत्र आहे. त्याची दुसरी बाजू अशी की, मुरूम, खरूज, गळू, भाजणे, खरचटणे अशा कोणत्याही कारणाने सावळ्या त्वचेला इजा झाली की तेथे रंगद्रव्य जास्त जमते आणि काळा डाग महिनोन् महिने राहतो. बाळंतपणात किंवा त्यानंतर गालांवर वांग उठतात त्यालाही ऊन खतपाणी घालते. म्हणजे डाग कोणाला जास्त पडतात? ज्यांचा दिवस उघड्यावर जातो आणि ज्यांच्या अंगाला रोज काहीतरी लागते त्यांना. हे ध्यानात ठेवून आता इतिहासाकडे वळू.

त्वचा पांढरी करणाऱ्या आधुनिक रसायनांच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे पान कातडी कमावण्याच्या कारखान्यात लिहिले गेले आहे. हे मी प्रथम वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे माझ्या वडिलांचे हात आले. आम्ही ढोर समाजातले. वडील धारावीच्या एका टॅनरीत कामाला होते. चुन्याच्या हौदात भिजलेली कातडी ओढून काढायची, केस खरवडायचे, मग ती बाभळीच्या सालीत आणि हिरड्याच्या पाण्यात मुरवायची, हे त्यांचे काम. चुन्याने त्यांच्या बोटांची सालपटे निघत. हातमोजे त्यांना कधी मिळाले नाहीत. अमेरिकेतल्या एका टॅनरीत मात्र कामगारांना रबरी हातमोजे मिळाले होते, आणि तेथे विलक्षण गोष्ट घडली. कामगारांचे हात मनगटाच्या वरपर्यंत, जेथवर हातमोजा पोहोचत होता तेथवर, पांढरे पडू लागले. त्यांत कृष्णवर्णीय कामगार मोठ्या संख्येने होते. १९३९ साली ऑलिव्हर, श्वार्ट्झ आणि वॉरन या वैद्यकीय संशोधकांनी त्याचे कारण शोधून प्रसिद्ध केले. रबर लवकर खराब होऊ नये म्हणून त्यात मोनोबेन्झिल ईथर ऑफ हायड्रोक्विनोन हे रसायन मिसळलेले होते, आणि ते कामगारांच्या त्वचेतील रंगपेशी नष्ट करीत होते.

कामगारांच्या दृष्टीने हा औद्योगिक अपघात होता. वैद्यकाला आणि बाजाराला मात्र त्यात उपयोग दिसला. जे रसायन काळा हात पांढरा करते ते काळा डाग का घालवणार नाही, असा विचार पुढे आला. पुढच्या दशकांत हे द्रव्य काळ्या डागांवर लावून पाहण्यात आले. परिणाम असा झाला की डाग जाण्याऐवजी आजूबाजूच्या चांगल्या त्वचेवर पांढरे ठिपके उठले, आणि ते कायमचे राहिले. शेवटी त्याचा वैद्यकीय वापर एका विशिष्ट कामापुरता उरला : कोडाने बहुतेक अंग पांढरे झालेल्या रुग्णाची उरलेली त्वचाही त्याच रंगाची करणे.

हे रसायन आपल्याकडेही पोहोचले, पण पायांखालून. स्वस्त रबरी चपलांच्या पट्ट्यांखाली पायावर इंग्रजी व्ही अक्षरासारखे पांढरे चट्टे पडलेले रुग्ण भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदवले, आणि रबरात मिसळलेले हेच द्रव्य त्याला कारण असल्याचे दिसून आले. कपाळावर टिकलीच्या जागी पांढरा डाग पडतो, त्यामागेही टिकलीच्या डिंकातील याच जातीचे एक रसायन असते. आता आपल्या समाजाचे वागणे पाहा. असा एक पांढरा डाग मुलीच्या पायावर दिसला की कोड म्हणून तिचे लग्न मोडते. अंग गोरे हवे, पण त्यावर पांढरा डाग नको. याचा अर्थ समाजाला पांढऱ्या रंगाचे प्रेम आहे असे नव्हे. गोरेपणा ही प्रतिष्ठेची खूण आहे म्हणून तो हवा आहे. खुणेचे महत्त्व रंगात नसते, ती खूण ज्यांनी ठरवली त्यांच्या सत्तेत असते.

दक्षिण आफ्रिकेत ही सत्ता कायद्याच्या पुस्तकातच लिहिलेली होती. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येक माणसावर वंशाचा शिक्का मारला. कोठे राहायचे, कोणते काम करायचे, कोणाशी लग्न करायचे हे त्या शिक्क्यावर ठरत होते. एकाच कुटुंबातील भावंडे रंगाच्या छटेवरून वेगवेगळ्या वर्गात टाकली गेल्याची उदाहरणे आहेत. अशा समाजात थोडा उजळ रंग म्हणजे थोडी बरी वागणूक, थोडे बरे काम. तेव्हा त्वचा उजळ करणारी मलमे तेथील काळ्या वस्त्यांतून खपली यात नवल नाही. आधी पाऱ्याची मलमे होती, मग हायड्रोक्विनोनची आली. हायड्रोक्विनोन हे टॅनरीतल्या त्या रसायनाचेच भावंड. ते रंगद्रव्य तयार करणाऱ्या टायरोसिनेज या विकराचे काम थांबवते. काही आठवडे चेहरा उजळतो. पण वर्षानुवर्षे, उन्हात राबत, जास्त प्रमाणात ते लावीत राहिले की त्वचेत निळसर काळे कण साठतात, चेहरा खडबडीत होतो आणि ते काळेपण सहसा जात नाही. या विकाराला ओक्रोनोसिस म्हणतात. १९७५ साली फिंडले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील काळ्या स्त्रियांच्या चेहऱ्यांवरून त्याचे वर्णन केले. गोरेपणासाठी घेतलेल्या मलमाने स्त्रियांना असे काळे डाग दिले की जे निसर्गाने कधी दिले नव्हते.

त्या देशातील कृष्णजाणिवेच्या चळवळीने या मलमांना उघड विरोध केला. स्टीव्ह बिको यांनी १९७६ साली न्यायालयात साक्ष देताना काळ्या माणसाच्या मनात लहानपणापासून भरलेल्या न्यूनगंडाचे विवेचन केले, आणि त्या संदर्भात रंग उजळ करणाऱ्या मलमांचा व केस सरळ करण्याच्या साधनांचा उल्लेख केला. पुढच्याच वर्षी पोलिसांच्या कोठडीत झालेल्या मारहाणीने त्यांचा मृत्यू झाला. चळवळीचे कार्यकर्ते आणि काही डॉक्टर यांच्या रेट्यामुळे अखेर १९९० साली दक्षिण आफ्रिकेने सौंदर्यप्रसाधनांत हायड्रोक्विनोनला बंदी घातली. इतकेच नव्हे, तर मलम त्वचा उजळ करते असा दावा करण्यासही मनाई केली. वंशभेदाचे राज्य अजून पुरते गेले नव्हते तेव्हाची ही गोष्ट आहे. युरोपने प्रसाधनांत हायड्रोक्विनोनला बंदी केली ती त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी, आणि अमेरिकेत ते डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकणे बंद झाले २०२० साली.

या इतिहासाला एक उपसंहार आहे. जोहान्सबर्गमध्ये २००१ साली अपार्थाइड संग्रहालय उघडले. वंशभेदाच्या क्रौर्याची साक्ष देणारे हे संग्रहालय क्रोक बंधूंच्या उद्योगाने जुगारगृहाचा परवाना मिळवताना दिलेल्या सामाजिक कामाच्या वचनातून उभे राहिले. या जुळ्या भावांची संपत्ती ज्या धंद्यांतून उभी राहिली त्यात काळ्या लोकांना विकलेल्या रंग उजळवणाऱ्या मलमांचा वाटा मोठा होता. ज्याने लाज विकली त्याच्याच पैशाने लाजेचे स्मारक झाले. संग्रहालय चांगले आहे. पण त्याच्या पायात काय गाडले आहे हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

वर १९७५ या सालाचा उल्लेख आला. हे साल या विषयात पुनःपुन्हा भेटते. त्याच वर्षी अमेरिकेत थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी त्वचेचे प्रकार सांगणारी मोजपट्टी मांडली. आज जगभरचे त्वचारोगतज्ज्ञ ती वापरतात. पण मुळात ती ऊन लागल्यावर गोरी त्वचा किती भाजते आणि किती काळवंडते याचीच होती. तपकिरी आणि काळ्या त्वचेला पाचवा व सहावा क्रमांक नंतर देण्यात आला. जगातील बहुसंख्य माणसे वैद्यकाच्या पट्टीवर मागाहून बसवली गेली, तीही शेवटच्या बाकावर.

त्याच १९७५ मध्ये फिलाडेल्फियाचे त्वचाविज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी विलिस यांच्यासह एक सूत्र प्रसिद्ध केले. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टिरॉइड अशी तीन औषधे एकत्र केली तर निरोगी काळ्या त्वचेचा रंग काही आठवड्यांत नाहीसा होतो, असे त्यांनी दाखवले. वांग व मुरुमांचे डाग यांवर हे सूत्र उपयोगी पडले हे खरे आहे, आणि आजही डॉक्टर ते मर्यादित काळासाठी वापरतात. पण हे क्लिगमन कोण होते हेही माहीत असावे. १९५० च्या दशकाच्या आरंभापासून १९७४ पर्यंत फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात त्यांनी कैद्यांच्या शरीरावर औषधांचे आणि रसायनांचे प्रयोग केले. त्या कैद्यांत बहुसंख्य काळे होते. थोड्या डॉलरांसाठी त्यांनी आपली पाठ उघडी केली होती. फिलाडेल्फिया शहराने या प्रकाराबद्दल माफी मागितली ती २०२२ साली.

आणि त्याच १९७५ मध्ये भारतात हिंदुस्तान लिव्हरने ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आणले. न्याय देऊन सांगायचे तर या मलमात वरची घातक रसायने नव्हती. त्याचा आधार होता नायसिनामाइड, म्हणजे ब जीवनसत्त्वाचा एक प्रकार. तो रंगद्रव्याचे कण पेशीतून पेशीत जाण्याला थोडा अडथळा करतो. डाग किंचित फिके होण्यास त्याची मदत होते आणि तो सामान्यतः सुरक्षित आहे. म्हणून या मलमाने केलेली इजा त्वचेवर शोधू नये, मनात शोधावी. डाग थोडे फिके करणारे द्रव्य ‘गोरे करणारे’ म्हणून विकले गेले, आणि गोरे होणे म्हणजे नोकरी मिळणे, नवरा मिळणे, बापाच्या नजरेत किंमत मिळणे असे चित्र घराघरांत दाखवले गेले. मुलगा असता तर बरे झाले असते असे म्हणणारा बाप, मलम लावून गोरी झालेली आणि हवाईसुंदरी बनून पैसे घरी आणणारी मुलगी, ही जाहिरात अनेकांना आठवत असेल. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने या जाहिरातींविरुद्ध मोहीम चालवली आणि २००३ साली अशा दोन जाहिराती दूरचित्रवाणीवरून बंद झाल्या. पुरुषांसाठी इमामीचे वेगळे मलम आले ते २००५ मध्ये. २०२० साली अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला, जगभर काळ्यांच्या जीविताचा प्रश्न पेटला, तेव्हा कोठे ‘फेअर’ हा शब्द पुसून ‘ग्लो’ हा शब्द आला. त्याच वेळी विवाह जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळाने त्वचेच्या रंगाची चाळणी काढून टाकली. शब्द बदलला ही चळवळीची कमाई आहे. डबीतला आशय आणि घेणाऱ्याच्या मनातला अर्थ त्याने किती बदलला, हा वेगळा प्रश्न आहे.

येथे आपल्या समाजाचा विशेष लक्षात घेणे अगत्याचे आहे. कंपनीने बी पेरले, पण जमीन आधीच नांगरलेली होती. आपल्या भाषेत मुलीच्या रंगाच्या किती पायऱ्या आहेत पाहा : गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी, काळीसावळी, काळी. ही उतरंड आहे. वरून खाली येताना हुंड्याचा आकडा वर चढतो. सावळ्या विठ्ठलाचे रूप डोळाभर पाहणारा समाज सावळी सून दारात आली की तोंड फिरवतो. वर्ण म्हणजे रंग, वरचे गोरे आणि खालचे काळे, असे सांगणारे पंडित इंग्रजी अमलात पुष्कळ झाले. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी तर नाकाच्या मापावरून जातींची उतरंड लावून दाखवली.

या सगळ्या कल्पनेला बाबासाहेबांनी सुरुंग लावला. १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ या भाषणात त्यांनी विचारले की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार यांच्यात वांशिक फरक कोणता, आणि मद्रासचा ब्राह्मण व मद्रासचा परिया यांच्यात तरी कोणता? १९४६ मध्ये शूद्रांच्या मुळाचा शोध घेताना वर्ण या शब्दाचा मूळ अर्थ त्वचेचा रंग असा धरता येत नाही, त्याचा संबंध श्रद्धेशी व पंथाशी आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी विरोधकांचीच नाकांची मापे घेऊन वंशसिद्धान्त खोटा ठरवला. उत्तर भारतात काळा ब्राह्मण आणि गोरा चांभार यांच्यावर विश्वास ठेवू नये अशा अर्थाची एक म्हण आहे. ती अपमानकारक आहे, पण तिच्यातच जातिव्यवस्थेचा कबुलीजबाब दडलेला आहे. ब्राह्मण काळा असतो आणि चांभार गोरा असतो हे ज्याने म्हण रचली त्याला ठाऊक होते! रंगावरून जात ओळखता येत नाही. जात माहीत असली की मग रंगाला अर्थ चिकटवला जातो. म्हणूनच आमच्या वस्तीतली एखादी मुलगी गोरी असली तर ‘यांच्यातली वाटत नाही’ असे म्हटले जाते, आणि ते कौतुक म्हणून म्हटले जाते. हे वाक्य मी आयुष्यात कितीतरी वेळा ऐकले आहे. ज्या मलमाने गोरे व्हायचे त्या मलमाच्या तळाशी हे वाक्य असते.

आता आजच्या परिस्थितीकडे येऊ. क्लिगमन यांचे तीन औषधांचे सूत्र, स्टिरॉइड तेवढे बदलून, आपल्या देशात मेडिकलच्या काउंटरवर गोरेपणाचे मलम म्हणून विकले गेले. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एक मुलगी तोंडाला ओढणी गुंडाळून बसू लागली. मी तिला बाजूला घेऊन विचारले, तेव्हा ती म्हणाली, “बाई, मेडिकलवाल्या काकांनी दिलेली क्रीम होती. पंधरा दिवसांत चेहरा इतका उजळला होता. सोडली की आग होते, म्हणून सोडता येत नाही.” ओढणी सोडल्यावर दिसले ते असे : गाल लालभडक, कातडी कागदासारखी पातळ, आतल्या बारीक रक्तवाहिन्या दिसत आहेत, हनुवटीवर केस उगवलेले. मुरुमांच्या डागांसाठी तिने ती ट्यूब घेतली होती. जिल्हा रुग्णालयातील त्वचारोगाच्या डॉक्टरांनी ट्यूब पाहताच सांगितले की यात स्टिरॉइड आहे. तिला पूर्ववत व्हायला वर्ष लागले. त्या दुकानदाराचे नाव येथे घेण्यात अर्थ नाही. असे दुकान प्रत्येक तालुक्यात आहे. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने हा धोका वारंवार मांडल्यानंतर २०१८ साली केंद्र सरकारने १४ प्रकारच्या स्टिरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली. कागदावर ती बंद आहे.

पाऱ्याची गोष्ट याहून गंभीर आहे. पारा टायरोसिनेजचे काम रोखतो, म्हणून चेहरा झपाट्याने उजळतो. पण तो त्वचेतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडे निकामी करतो. २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात मूत्रपिंडाच्या विकाराचे रुग्ण आढळले आणि त्यांच्या आजाराचे मूळ गोरेपणाच्या मलमांत सापडले. त्याच वर्षी विदर्भातील एका कुटुंबातील तीन स्त्रियांबाबत असाच प्रकार उघडकीस आला. मिनामाता करार २०१३ साली झाला, भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि पाऱ्याच्या प्रसाधनांवर बंदी आली. तरीही उत्पादकाचे नाव-गाव नसलेल्या डब्या बाजारात मिळतात. जाहिरातींच्या बाबतीत २०२० च्या फेब्रुवारीत केंद्राने १९५४ च्या कायद्यात बदल सुचवणारा मसुदा काढला आणि गोरे करण्याचा दावा करणाऱ्यांना तुरुंगवास व लाखो रुपयांचा दंड सुचवला. मसुदे निघतात. वस्तीतल्या मुलीपर्यंत कायदा पोहोचण्याआधी पुडी पोहोचते.

मग काय करावे? चेहऱ्याकडे लक्षच देऊ नये, डाग असू द्यावेत, असा उपदेश मी करणार नाही. तो उपदेश आपल्या परंपरेलाही धरून नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की अस्पृश्यतेची ओळख पटवणारी लुगडे नेसण्याची पद्धत सोडा, अंगावरचे ओझ्याचे दागिने टाका, नीटनेटक्या राहा. दुसऱ्याने लादलेली खूण अंगावरून उतरवा असा त्याचा अर्थ होता. स्वतःचे अंगच उतरवा असा नव्हता. मलम हातात घेताना हा भेद जिने ओळखला तिला निवड करता येते.

ती निवड करण्यासाठी काही गोष्टी सांगते. त्या मी डॉक्टरांकडून समजून घेतलेल्या आहेत. प्रथम डागाचे कारण शोधावे. गालावरचे वांग बाळंतपणाचे, गर्भनिरोधक गोळ्यांचे की उन्हाचे? मुरुमांचे डाग असतील तर आधी मुरूम थांबले पाहिजेत, नाहीतर एक डाग जाईल आणि दोन येतील. मानेच्या मागे मखमलीसारखी जाड, काळी त्वचा आली असेल तर ती मळ नसते. दगडाने घासून ती जात नाही, उलट अधिक काळी होते. तेथे रक्तातील साखर तपासून घ्यावी, कारण मधुमेहाची ती पूर्वसूचना असू शकते. लिंबू चोळून उन्हात जाऊ नये. त्याने भाजल्यासारखे चट्टे पडतात.

दुसरे, डागावरचा पहिला उपाय म्हणजे ऊन अडवणे. शेतात पदर, रुमाल, टोपी. परवडत असेल तर सनस्क्रीन. वांगासाठी लोहाच्या ऑक्साइडचा रंग मिसळलेले सनस्क्रीन अधिक उपयोगी पडते, कारण सावळ्या त्वचेवर साध्या दिसणाऱ्या प्रकाशानेही वांग वाढतात. यानंतर सौम्य द्रव्ये : नायसिनामाइड, क जीवनसत्त्व, ॲझेलिक आम्ल. ती सावकाश काम करतात, दोन-तीन महिने धीर धरावा लागतो. हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन ही औषधे आहेत. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, ठरलेल्या मुदतीपुरती घ्यावीत आणि गरोदरपणात टाळावीत. ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन असे शब्द असतील तर ते स्टिरॉइड आहे असे समजावे. असे मलम बरेच दिवस लावले असेल तर ते एकदम न सोडता डॉक्टरांना दाखवावे. घटकांची यादी, उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक नसलेली डबी घेऊ नये. आणि जे मलम आठ दिवसांत चेहरा उजळवते त्याचा संशय धरावा. इतक्या लवकर जे होते त्यामागे बहुधा स्टिरॉइड असते किंवा पारा.

शिक्षक आणि कार्यकर्ते यांनी आणखी दोन गोष्टी कराव्यात असे मला वाटते. चिठ्ठीशिवाय स्टिरॉइड विकणाऱ्या दुकानांची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी करावी. त्यासाठी ट्यूब आणि बिल जपून ठेवायला मुलींना शिकवावे. आणि दक्षिण आफ्रिकेचा हा इतिहास वर्गात सांगावा. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली तेव्हा आपण अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्याशी नाते सांगितले. काळ्या साहित्याची भाषांतरे वाचली, त्यावर चर्चा केल्या. परंतु आपल्याच घरातल्या आरशासमोर ते नाते आपण फारसे नेले नाही. पुरुष कार्यकर्ते व्यासपीठावर काळ्यांच्या सौंदर्याबद्दल बोलले आणि घरी मुलगी पाहायला गेले तेव्हा गोरी शोधत राहिले. ही विसंगती आजच्या तरुणांनी तरी संपवावी. मुलीच्या परिचयपत्रातील रंगाचा रकाना रिकामा ठेवण्यापासून सुरुवात करता येईल. त्याला पैसा लागत नाही, कायदाही लागत नाही.

माझ्या वडिलांच्या धंद्यात ‘कातडी कमावणे’ असा शब्द आहे. मेलेल्या जनावराच्या कातड्यातून सगळे सजीवपण काढून घेतले की ते बाजारात विकण्याजोगे होते. आमच्या जिवंत कातडीवर तीच क्रिया करून कमाई करणारे शंभर वर्षे कमावत आले आहेत. टॅनरीतला मजूर, तुरुंगातला कैदी, आफ्रिकेतली मोलकरीण आणि वसतिगृहातली विद्यार्थिनी या साखळीच्या कड्या आहेत. डागावर औषध जरूर घ्यावे, विचारून आणि वाचून घ्यावे. रंगाला औषध नको आहे, कारण तो आजार नाही; आणि तो आजार आहे असे सांगणाऱ्याला यापुढे आपल्या खिशातला एक रुपयाही मिळता कामा नये.